गाईच्या घशात काही अडकलंय की रेबीज?

गाय चारा खात नाही, लाळ गळतेय, सारखी घोगऱ्या आवाजात हंबरतेय. घशात काहीतरी अडकलं असेल म्हणून घरचे सरळ तोंडात हात घालतात. धोका नेमका इथेच! रेबीजमध्ये घसा लुळा पडतो, लाळ गिळता येत नाही, आणि विषाणू त्याच लाळेत असतो. (पिसाळलेलं जनावर चावतच सुटतं, हे गुरांच्या बाबतीत विसरा.)

खात्रीचं निदान मेल्यावरच. मेंदूचा देठ आणि लहान मेंदू यांच्या तुकड्यांवर फ्लुरोसंट अँटीबॉडी चाचणी करतात. १९०३ साली नेग्रीने पाहिलेले पेशीतले ठिपके आपण अजून पाठ करतो, पण ते दिसले नाहीत म्हणजे रेबीज नाही, असं लिहू नका. नमुना फॉर्मालिनमध्ये नको, बर्फावर पाठवा. आणि तो हात? खरचटलेला असेल तर १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि रिपोर्टची वाट न बघता लस सुरू करा.