भिंतीची कोर

घर बांधताना आपण सिमेंटचा भाव विचारतो, रंगाची कार्डे चाळतो. पण बाहेरच्या गिलाव्याच्या कोपऱ्याला कोणती पट्टी लावायची, हे सहसा कुणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

सांगोल्यातले आमचे घर गल्लीच्या वळणावर आहे. वडिलांनी बांधलेल्या या घराला २००९ साली बाहेरून नवा गिलावा केला. वळणावरचा कोपरा टेम्पो आणि सायकलींचे धक्के खाऊन झिजलेला. म्हणून मी जस्त चढवलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणल्या. गवंडी तात्या म्हणाले, "भाई, ही आतल्या भितीची पट्टी. भाईर टिकायची न्हाई." मी ऐकले नाही. पट्टी स्वस्त होती आणि कोर कशी सुरेख सरळ दिसत होती!

चार पावसाळे गेले. कोपऱ्यावरून तांबूस ओघळ उतरले, मग उभी चीर गेली आणि एका संध्याकाळी, शाळा सुटायच्या वेळेला, हातभर खपली गल्लीत कोसळली. कुणाला लागले नाही, हे नशीब.

असे का झाले? जस्त स्वतः झिजून लोखंडाला सांभाळते. पण बाहेरचा गिलावा वारंवार भिजतो, आणि ओलीत क्षार असले तर जस्त लवकर संपते. आमच्या बोअरचे पाणी मचूळ; माल त्याच पाण्यात कालवलेला. गंजलेले लोखंड फुगून जास्त जागा मागते. गिलाव्याकडे ती नसते, म्हणून तो फुटतो.

तेव्हा बाहेरच्या कोपऱ्याला स्टेनलेस स्टीलची किंवा उन्हात टिकणाऱ्या पीव्हीसीची पट्टी घ्यावी. स्टील महाग, पण धक्के सोसते. पीव्हीसी गंजत नाही. जिथे धक्का लागत नाही तिथे ती पुरते. पट्टीची खोली गिलाव्याच्या जाडीशी जुळली पाहिजे. बाहेरचा गिलावा दोन थरांत मिळून साधारण २० मिलिमीटर असतो. आतल्या पातळ कामाची पट्टी तिथे चालत नाही. ती ओळंब्यात धरून सिमेंटच्या मालावरच बसवावी. जिप्समवर नको, ते ओलीने मऊ पडते. मागे पोकळी राहू देऊ नये. नंतर किमान सात दिवस पाणी मारावे. आपल्याकडच्या उन्हात यात कसूर करून चालत नाही.

गिलाव्याच्या खालच्या कडेलाही वेगळी पट्टी मिळते. गिलावा जमिनीपासून अर्धा फूट वर तिच्यावर थांबवला, तर जमिनीतली ओल त्यातून वर चढत नाही आणि लोणा कमी लागतो. भिंतीवरचे पाणीही तिथून बाहेर ठिबकते.

खपली पडल्यावर तात्यांना निरोप धाडताना मला लाज वाटली. ते आले, कोपरा थापीने ठोकून पाहिला, "निगंल सगळं" एवढेच म्हणाले. वळणावर त्यांनी स्टेनलेसची पट्टी बसवली. बाकीच्या तीन कोपऱ्यांना पट्टीच लावली नाही. जुन्या पद्धतीने हातानेच गोलसर कोर काढली. गोल कोपरा धक्क्याने लवकर तुटत नाही आणि पट्टीचा खर्चही वाचतो.

मी कविता लिहितो. ओळ कुठे तोडावी, हे मला कळते असे मी समजत होतो. भिंतीची कड कुठे, कशी संपवावी, हे मात्र तात्यांना विचारायला हवे होते. तुम्ही पट्टी आणायला निघण्याआधी आपल्या गवंड्याला विचारा.