चार महिने आणि एकशे अकरा वर्षं

हॅरी पॅच यांचं नाव निघालं की ‘पहिल्या महायुद्धात खंदकात लढलेला अखेरचा सैनिक’ हे बिरूद लगेच पुढे येतं. ते खरंच आहे. २५ जुलै २००९ रोजी ते वारले, तेव्हा त्या खंदकांत लढलेला दुसरा कोणी जगात उरला नव्हता. पण १११ वर्षांच्या आयुष्यात ते आघाडीवर होते जेमतेम चार महिने. पोटापाण्याचा धंदा म्हणाल तर ते प्लंबर होते, आणि त्यांची आठवण काढताना हे आधी सांगायला हवं.

इंग्लंडमधल्या बाथ शहराला लागून कूम डाऊन नावाचं गाव आहे. तिथे १७ जून १८९८ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गवंडीकामातले, दगड घडवणारे. हॅरींनी पंधराव्या वर्षी शाळा सोडली आणि बाथमध्ये प्लंबरच्या हाताखाली उमेदवारी धरली. तेव्हा नळ शिशाचे असत. सांध्यावर तापलेला डाख ओतायचा आणि तो थिजायच्या आत फडक्यानं फिरवून गुळगुळीत करायचा. हात बसायला वर्षं लागायची. त्यांचा हात बसत होता तेवढ्यात, १९१६ साली, सक्तीच्या भरतीचा हुकूम आला.

ते स्वखुशीनं गेले नव्हते, आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. जून १९१७ मध्ये ते फ्रान्समध्ये उतरले आणि लुईस मशीनगनच्या तुकडीत दाखल झाले. बेल्जियममधल्या पाशेंडेलच्या लढाईचा तो उन्हाळा संततधार पावसाचा होता. तुकडीतल्या पोरांनी आपापसांत ठरवलं होतं की शक्यतो जीव घ्यायचा नाही, पायावर मारायचं. अंगावर धावून आलेल्या एका जर्मन सैनिकाला पॅच यांनी खांद्यात आणि मग पायात गोळी घातली, पण मारलं नाही. २२ सप्टेंबरच्या रात्री तोफगोळा डोक्यावर फुटला. त्यांचे तीन सोबती जागीच गेले आणि ते स्वतः जांघेत जखमी झाले. आत रुतलेला तुकडा काढताना भूल द्यायला औषध नव्हतं. चौघांनी त्यांना दाबून धरलं होतं. देश ११ नोव्हेंबरला मृतांना मानवंदना देतो, पॅच यांचा दिवस मात्र कायम २२ सप्टेंबर राहिला.

त्यानंतर जवळजवळ ऐंशी वर्षं ते या विषयावर बोलले नाहीत. घरातही नाही.

बोलले नाहीत, पण काम करत राहिले. १९१८ साली एडा बिलिंग्टन यांच्याशी लग्न झालं, दोन मुलगे झाले. युद्धामुळे अडलेलं ब्रिस्टल विद्यापीठाच्या विल्स मेमोरियल इमारतीचं बांधकाम पुन्हा सुरू झालं, तेव्हा त्या उंच मनोऱ्यावर प्लंबरचं काम करणाऱ्यांत पॅच होते. १९२५ मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. पुढे परीक्षा देऊन ते सॅनिटरी इंजिनिअर झाले. दुसरं महायुद्ध पेटलं तेव्हा सैन्यात जायचं वय उलटलं होतं. ते बाथच्या सहायक अग्निशमन दलात अर्धवेळ जवान झाले. एप्रिल १९४२ मध्ये जर्मन विमानांनी बाथवर बॉम्ब टाकले. चारशेहून अधिक माणसं मेली. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या हातात मशीनगनच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याच हातात आता पाण्याचा पाइप होता, आणि माझ्या लेखी त्यांचं खरं शौर्य हे आहे. नंतर स्ट्रीट या गावी त्यांनी स्वतःचा प्लंबिंगचा व्यवसाय चालवला आणि पासष्टाव्या वर्षी हत्यारं खाली ठेवली.

शंभरी गाठल्यावर, १९९८ मध्ये, बीबीसीची माणसं आली आणि ते बोलू लागले. दरवर्षी सोबतचे कमी होत होते. आता आपण बोललो नाही तर त्या तिघा मृत सोबत्यांची हकिगत आपल्याबरोबरच जाईल, ही जाणीव त्यामागे असावी असं मला वाटतं. बोलले ते मात्र तडजोड न करता. युद्ध म्हणजे सरकारी परवान्यानं केलेली कत्तल, असंच त्यांचं मत होतं. २००४ मध्ये ते फ्लँडर्सला गेले आणि एकेकाळी समोरच्या बाजूनं लढलेले चार्ल्स कुंत्झ यांना भेटले. दोघंही शंभरी ओलांडलेले. पॅच यांनी सॉमरसेटची सायडर नेली होती, कुंत्झ यांनी अल्सासची बिस्किटं दिली.

२००७ मध्ये, १०९ व्या वर्षी, रिचर्ड व्हॅन एम्डेन यांच्या साथीनं लिहिलेलं त्यांचं आत्मचरित्र निघालं. त्याचे पैसे त्यांनी समुद्रात बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्या स्वयंसेवकांच्या संस्थेला, आरएनएलआयला, दिले. संस्थेच्या एका जीवनरक्षक नौकेच्या नावात ‘हॅरी’ हे नाव आलं.

वेल्स शहरातल्या कॅथेड्रलमध्ये ६ ऑगस्ट २००९ रोजी अंत्यविधी झाला. शवपेटीसोबत ब्रिटिश सैनिकांबरोबर बेल्जियमचे, फ्रान्सचे आणि जर्मनीचे सैनिकही होते. पॅच यांच्या इच्छेप्रमाणे कोणाच्याही अंगावर शस्त्र नव्हतं, शोभेचंसुद्धा नाही.

त्यांच्यावर गीतं आणि कविता रचल्या गेल्या, बेल्जियममध्ये स्मृतिशिळाही उभी आहे. पण कधी ब्रिस्टलला गेलात तर पार्क स्ट्रीटचा चढ चढून वरच्या टोकाला असलेला विल्स मेमोरियलचा मनोरा जरूर पाहा. सुमारे ६५ मीटर उंचीच्या त्या इमारतीत एका प्लंबरच्या हातचं कामही आहे.