हाडांची तोडणी कोणाच्या चिठ्ठीवर?

घरातली म्हातारी न्हाणीत घसरते, खुब्याचे हाड मोडते आणि सगळे म्हणतात, "वय झालं, हाडं ठिसूळ झाली." पण ठिसूळ होतात म्हणजे नेमके काय होते?

सभासद बंधू-भगिनींनो, हाड दगडासारखे मुके नाही. जुने हाड खाणाऱ्या पेशी वेगळ्या, नवे भरणाऱ्या वेगळ्या. तोडलेल्या रानात वेळेवर लागण झाली तर पीक उभे राहते. तोडणी जोरात आणि लागण मागे, की रान उघडे पडते. हाडाचे तेच.

आता टोळी फडात शिरते ती चिठ्ठी आल्यावर. हाड खाणाऱ्या पेशींनाही चिठ्ठी लागते. 'रँक-एल' नावाचे प्रथिन ती चिठ्ठी, हे १९९८ साली सिद्ध झाले. हाडातल्या पेशी ती काढतातच, पण नवल असे की रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही काढतात! या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडतात. टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ ही त्यांची नावे. हे निरोप हाडापर्यंत पोचले की तोडणी वाढते. पांढऱ्या पेशींनी सोडलेल्या द्रवाने हाड झिजते, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९७२ सालीच दाखवले होते. त्यातला मुख्य पदार्थ इंटरल्यूकिन-१, हे पुढे १९८५ साली कळले.

शरीराने बंदोबस्तही ठेवला आहे. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे दुसरे प्रथिन चिठ्ठी वाटेतच काढून घेते. पाळी गेल्यावर बाईच्या अंगातले इस्ट्रोजेन उतरते, तेव्हा हा तोल बिघडून चिठ्ठ्या जास्त होतात. सांधे सुजवणाऱ्या आमवातात तर शरीर स्वतःशीच लढते. ती लढाई वर्षानुवर्षे चालते, म्हणून अशा रुग्णाची हाडे तरुणपणीही विरळ होऊ शकतात. पुरुषांनी निर्धास्त राहू नये, त्यांचीही झिजतात.

मग लढाईच थांबवणारे स्टेरॉइड घ्यावे काय? त्याने सूज उतरते खरी, पण तेच औषध फार दिवस घेतले तर नवे हाड भरणाऱ्या पेशींना मारते. म्हणजे तोडणी चालू आणि लागण बंद! गुडघे दुखतात म्हणून बाजारातून कसल्याही पुड्या आणणाऱ्यांनी आत काय आहे ते डॉक्टरांना विचारावे. चालू असलेले स्टेरॉइड मात्र आपल्या मनाने एकदम सोडू नये, त्यानेही जिवावर बेतते.

रँक-एलची चिठ्ठी अडवणारे डेनोसुमॅब हे इंजेक्शन २०१० पासून वापरात आहे. ते सहा महिन्यांनी एकदा घेतात. मधेच बंद केले तर अडलेली तोडणी दुप्पट जोराने सुरू होते आणि पाठीचे मणके दबतात. म्हणून पुढची तारीख कॅलेंडरवर आजच लिहून ठेवावी.