दोन सूर्यांच्या गावाचं पोस्टर

जुन्या रेल्वे पोस्टरांचं वेड असेल, तर नासाची ही पोस्टरं बघाच.

१९२०-३० च्या दशकांत ब्रिटनच्या एलएनईआर रेल्वेसाठी टॉम पर्व्हिस समुद्रकिनारे रंगवायचा. बाह्यरेषा नाहीत, बारीकसारीक तपशील नाहीत. सपाट रंगांचे मोठे तुकडे आणि मोजके शब्द. फलाटावरून घाईत जाणाऱ्याच्याही नजरेत भरलं पाहिजे, एवढाच हिशेब. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांची सरकारी पोस्टरंही साधारण याच वळणाची.

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या चित्रकारांनी तोच बाज उचलून परग्रहांची ‘पर्यटन’ पोस्टरं काढली. माझं लाडकं केपलर-१६बी चं. २०११ मध्ये सापडलेला हा ग्रह दोन ताऱ्यांभोवती फिरतो, म्हणजे तिथे दोन सूर्य मावळणार. ‘स्टार वॉर्स’मधलं टॅटूइन आठवलं ना? शास्त्रज्ञांनाही तेच आठवलं होतं! पोस्टरवरच्या अंतराळवीराच्या सावल्याही दोन. गंमत अशी, की खरा ग्रह साधारण शनीच्या वजनाचा आणि थंडगार. पाय ठेवायला जमीन असण्याची शक्यता कमीच. पण रेल्वेच्या पोस्टरांत तरी इंग्लंडात कधी पाऊस पडायचा?

ट्रॅपिस्ट-१ई या ग्रहाच्या पोस्टरवर १२ पार्सेकचा उल्लेख आहे. ‘स्टार वॉर्स’मध्ये १२ पार्सेकची बढाई मारणाऱ्या हान सोलोचे चाहते गालात हसतील, पण पृथ्वीपासूनचं अंतर खरोखरच तेवढं आहे, सुमारे ४० प्रकाशवर्षं.

सगळी पोस्टरं नासाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. छापून घेणार असाल तर मॅट कागदच सांगा. ग्लॉसीवर जुनेपणाची सगळी मजा जाते.