नोड बिघडलेला नसतो, नवा असतो

आयटूपी पहिल्यांदा सुरू केलं की ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:७६५७ हा पत्ता उघडतो. हा पत्ता तुमच्याच कॉम्प्युटरचा असतो आणि तिथे आयटूपीचा कन्सोल दिसतो. डावीकडच्या अरुंद पट्टीवर नजर गेली की नवख्या माणसाच्या पोटात गोळा येतो. नेटवर्क ‘टेस्टिंग’ किंवा ‘फायरवॉल्ड’. टनेल ‘रिजेक्टिंग’. ‘शेअर्ड क्लायंट्स’पुढे हिरव्याऐवजी पिवळी खूण. एखादी साइट उघडायला जावं, तर ती सापडत नाही. दहा मिनिटं वाट पाहून माणूस सॉफ्टवेअर बंद करतो, पुन्हा चालू करतो आणि तेवढ्याने भागलं नाही तर काढून टाकून नव्याने बसवतो. दर वेळी गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर येते.

आयटूपी म्हणजे ‘इन्व्हिजिबल इंटरनेट प्रोजेक्ट’. २००३ पासून चालू असलेलं हे निनावी संपर्काचं जाळं. त्याची पायाभरणी करणारा माणूस ‘जेरँडम’ या टोपणनावाने वावरत होता. २००७च्या अखेरीस तो प्रकल्पातून बाहेर पडला आणि तशाच टोपणनावांच्या मंडळींनी काम पुढे नेलं. टॉर या दुसऱ्या निनावी जाळ्याचं नाव अनेकांनी ऐकलेलं असतं. तिथे मोजके स्वयंसेवक सर्व्हर चालवतात, कोणते सर्व्हर चालू आहेत याची यादी काही ठरावीक विश्वासू यंत्रं ठेवतात आणि बाकीचे लाखो लोक नुसते वापरकर्ते असतात. आयटूपीत ही वाटणीच नाही. तुम्ही ते सुरू केलं की तुम्ही वापरकर्तेही होता आणि इतरांची पाकिटं पुढे पोचवणारे हमालही. घरातला वायफायचा राउटर आणि आयटूपीचा राउटर यांत गल्लत नको म्हणून आयटूपीच्या सॉफ्टवेअरला इथे नोडच म्हणू.

आता नोड सुरुवातीला इतका मंद का, ते पाहू. आयटूपीत माहिती ‘टनेल’मधून जाते आणि प्रत्येक टनेल एकेरी असतं. जायचं वेगळं, यायचं वेगळं. एका टनेलमध्ये साधारण तीन नोड असतात. तुमची विनंती तुमच्या बाहेर जाणाऱ्या टनेलच्या तीन नोडांतून, मग समोरच्याच्या आत येणाऱ्या टनेलच्या तीन नोडांतून जाते. उत्तर येताना तशीच आणखी सहा. एका पानासाठी बारा परकी यंत्रं राबतात, आणि त्यातली कितीतरी कुणाच्या तरी घरातली, साध्या ब्रॉडबँडवरची. यात भर म्हणजे कोणतंही टनेल फक्त दहा मिनिटं टिकतं. त्यानंतर ते टाकून नवं बांधायचं. म्हणजे नोड सतत कुणाला ना कुणाला विचारत असतो, ‘मला पुढे नेशील का?’ आणि समोरच्याला नकार द्यायची पूर्ण मुभा असते.

कुणाला विचारायचं हे तरी नव्या नोडला कुठून कळणार? मध्यवर्ती यादी नाहीच. म्हणून पहिल्या वेळी तो ‘रीसीड’ करतो: काही स्वयंसेवकांच्या सर्व्हरवरून साध्या एचटीटीपीएसने एक सही केलेली फाइल उतरवतो, ज्यात काही नोडांचे पत्ते असतात. तेवढ्या ओळखीवर पुढचं जाळं त्याचं त्याला शोधायचं असतं. बाकीची माहिती ‘नेटडीबी’ या विखुरलेल्या कोशात असते आणि ती सांभाळतात ‘फ्लडफिल’ नावाचे, जरा दमदार नोड. कन्सोलमध्ये माहितीतल्या नोडांचा आकडा शून्याच्या आसपासच घुटमळत असेल, तर रीसीड फसलं असं समजावं. ऑफिसची फायरवॉल, अँटिव्हायरसची आडकाठी किंवा चुकलेलं घड्याळ ही त्याची नेहमीची कारणं. रीसीडची फाइल दुसऱ्या मार्गाने मिळवून कन्सोलमधून हाताने भरण्याची सोयही आहे. बऱ्याच जणांना ती दिसतच नाही.

पत्ते मिळाले तरी खरी अडचण पुढेच असते. प्रत्येक नोड इतरांचा आपल्यापुरता हिशेब ठेवतो: कोण किती वेगाने पाकिटं पुढे नेतं, कोण हो म्हणून ऐन वेळी गायब होतं. ही वर्गवारी कुठे प्रसिद्ध होत नाही, जो तो आपल्या अनुभवावर करतो. गल्लीत काल राहायला आलेल्या भाडेकरूला किराणा दुकानदार उधारी देत नाही, तसाच हा व्यवहार. नोड काही तास सलग चालू राहिला की त्याला भरवशाचे शेजारी सापडतात आणि शेजाऱ्यांनाही तो सापडतो. मग टनेल यशस्वी होण्याचं प्रमाण वाढतं, पट्टीतली खूण हिरवी होते, ‘पार्टिसिपेटिंग’ टनेलांचा आकडा हलू लागतो. हा शेवटचा आकडा म्हणजे परक्यांची किती टनेलं तुमच्या यंत्रातून जात आहेत त्याची मोजणी, आणि नोडच्या तब्येतीची माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक खूण. दर वेळी बंद-चालू करणाऱ्याच्या नशिबी तो वाढणं नसतंच.

तेव्हा पहिला सल्ला नीरस आहे: रात्रभर चालू ठेवा. सकाळीही पट्टी तशीच असेल, तर मात्र दोन गोष्टी तपासायच्या, घड्याळ आणि पोर्ट.

घड्याळाची भानगड रास्पबेरी पायवर फार बघायला मिळते. हे छोटं यंत्र वीज कमी खातं, आवाज करत नाही, म्हणून नोडसाठी लोकांचं आवडतं. त्यावर जावातलं मूळ आयटूपी जरा जड पडतं, म्हणून सी प्लस प्लसमध्ये लिहिलेलं ‘आयटूपीडी’ बरेच जण बसवतात. त्याचा कन्सोल ७०७० या पोर्टवर असतो. पण पाय ५ येईपर्यंतच्या पायमध्ये वेळ राखणारं स्वतंत्र घड्याळच नाही आणि पाय ५मध्ये ते असलं तरी त्याची छोटी बॅटरी वेगळी लावावी लागते. समजा, दुपारी दोनला वीज गेली आणि साडेचारला आली. पाय अर्ध्या मिनिटात उठतो आणि शेवटची नोंदलेली वेळ धरून चालतो: त्याच्या लेखी दोनच वाजलेत. फायबरचा डबा अजून दिवे मिचकावत कनेक्शन शोधतोय, त्यामुळे वेळ विचारायला इंटरनेट नाही. तेवढ्यात नोड सुरू झालेला. जोडणी करताना दोन्ही बाजूंच्या घड्याळांत मिनिटाहून जास्त फरक दिसला की आयटूपीचे नोड एकमेकांना दारातूनच परत पाठवतात, आणि इथे तर अडीच तासांचा फरक. सगळीकडून नकार येतो आणि माणूस मात्र फायरवॉल उचकत बसतो.

घड्याळ फारच मागे असेल, म्हणजे नव्या मेमरी कार्डावर काही महिन्यांपूर्वीची तारीख असेल, तर आणखी एक गंमत होते: रीसीडच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र पायच्या दृष्टीने भविष्यातलं ठरतं आणि रीसीडही नाकारलं जाऊ शकतं. जावाचं आयटूपी स्वतःच वेळ विचारून फरक भरून काढायचा प्रयत्न करतं. आयटूपीडी मात्र वेगळं सांगितल्याशिवाय सिस्टिमच्याच घड्याळावर विसंबतं. उपाय साधा. टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ टाकून घड्याळ जुळलं आहे का ते पाहावं आणि वेळ जुळल्याशिवाय आयटूपीडी सुरूच होऊ नये असं सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टिमडीला सांगून ठेवावं. वीज वरचेवर जाणाऱ्या गावात हे एक काम केलं तरी निम्मी डोकेदुखी जाते.

दुसरी गोष्ट पोर्टची. बसवताना नोड ९००० ते ३१००० यांच्यामधला एक पोर्ट स्वतःच निवडतो आणि तोच टीसीपी व यूडीपी दोन्हींसाठी वापरतो. हा पोर्ट बाहेरून उघडा आहे का, हे तपासायची पद्धत मोठी हुशारीची आहे. तुमचा नोड एका ओळखीच्या नोडला विनंती करतो, तो तिसऱ्याच नोडला सांगतो आणि त्या तिसऱ्याने तुमच्या दारावर थाप मारायची. थाप ऐकू आली तर ‘ओके’, नाही तर ‘फायरवॉल्ड’. वायफायच्या राउटरमध्ये यूपीएनपी चालू असेल तर पोर्ट आपोआप उघडतो, नसेल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्ड करावा लागतो. लोक टीसीपी उघडतात आणि यूडीपी विसरतात, हे इथलं नेहमीचं दुखणं.

सगळं नीट करूनही ‘फायरवॉल्ड’ जात नसेल तर वायफायच्या राउटरच्या पानावर त्याला बाहेरून मिळालेला पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर पोर्ट उघडण्याची खटपट थांबवलेली बरी. याला सीजीनॅट म्हणतात: आयपीव्ही४ पत्ते संपल्यामुळे कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवते. भारतात मोबाइलच्या जोडणीवर हे सर्रास चालतं आणि घरगुती फायबरवरही. तुमच्या घरचं दार उघडलंत तरी सोसायटीचं फाटक कंपनीच्या हातात. पण इथे एक पळवाट आहे. आपल्याकडे आयपीव्ही६ बऱ्यापैकी पसरलेलं आहे आणि त्यात पत्त्यांची टंचाई नसल्याने ही भागीदारीही नसते. वायफायच्या राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये तेवढा पोर्ट उघडला की कन्सोल आयपीव्ही४ ‘फायरवॉल्ड’ आणि आयपीव्ही६ ‘ओके’ असं दोन्ही वेगवेगळं दाखवतो. एवढ्यावर नोड छान चालतो. खरं तर दोन्हीकडे ‘फायरवॉल्ड’ असलं तरी तो चालतोच. बंद दाराआडच्या नोडांची गाठ घालून देणारे मध्यस्थ नोड जाळ्यात असतात. फक्त इतरांच्या तो कमी कामी येतो.

बँडविड्थच्या पानावर अनेकांची आठपटीची चूक होते. ब्रॉडबँडची कंपनी मेगाबिटमध्ये बोलते, आयटूपीचा कन्सोल किलोबाइटमध्ये. ४० एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदाला सुमारे ५,००० किलोबाइट. तिथे नुसतं ४० लिहिलं तर नोड सगळ्या जाळ्याला ‘मी फार गरीब आहे’ असं सांगतो आणि मग त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. उलट टोकाचा त्रासही होतो. नोडच्या एकाच वेळी शेकडो, कधी हजारावर जोडण्या चालू असतात आणि स्वस्तातल्या वायफायच्या राउटरचा जोडण्यांचा तक्ता त्याने भरून जातो. मग घरात सगळ्यांचंच इंटरनेट रांगायला लागतं आणि बोलणी खायला आपण असतो. अशा वेळी वेग कमी करून उपयोग होत नाही, जास्तीत जास्त जोडण्यांची मर्यादा खाली आणावी लागते.

इतकं झाल्यावर साइट उघडायची. त्यासाठी ब्राउझरला १२७.०.०.१ वरचा ४४४४ हा प्रॉक्सी द्यावा लागतो, आणि तो रोजच्या ब्राउझरला देऊ नये. फायरफॉक्समध्ये वेगळं प्रोफाइल करावं. ज्या ब्राउझरमध्ये तुमचं ईमेल आणि बँक उघडी आहे त्याच्यातून निनावी फिरण्याला अर्थ नाही. पान उघडलं नाही तर येणारा निरोप नीट वाचा. ‘पत्ता माहीत नाही’ असा निरोप असेल तर दोष तुमच्या ॲड्रेस बुकचा. आयटूपीत डीएनएस नसल्यामुळे नावांची वही प्रत्येकाची स्वतःची असते. पत्ता आहे पण साइटपर्यंत पोचता येत नाही असा निरोप असेल, तर बहुतेक वेळा समोरच्याने यंत्र बंद करून ठेवलेलं असतं. तिथे तुमच्या नोडला बोल लावू नये.

हे जाळं नेमकं काय लपवतं, याबद्दल भाबडेपणा नको. तुमचा नोड जाळ्यात आहे ही गोष्ट ते मुळीच लपवत नाही. इतरांनी जोडून घ्यावं म्हणून नोड आपला आयपी पत्ता नेटडीबीत जाहीर करतो आणि तो कुणालाही दिसतो. लपतं ते तुम्ही कुणाशी आणि काय बोलता ते. दुसऱ्या बाजूने, तुमच्यातून जाणारी पाकिटं कूटबद्ध असतात आणि आयटूपीच्या आतच फिरतात. तुम्ही मुद्दाम आउटप्रॉक्सी, म्हणजे उघड्या इंटरनेटवर जाण्याचं दार, उभारला नाहीत, तर कुणा परक्याची उघड्या इंटरनेटवरची उचापत तुमच्या पत्त्यावर निघत नाही. टॉरमधलं असंच दार, म्हणजे ‘एक्झिट’, चालवणाऱ्याला जी धास्ती असते ती इथे नाही. मध्यवर्ती यादी नसण्याची किंमतही आहेच: कुणीही शेकड्याने नोड घुसवू शकतो. २०२३च्या फेब्रुवारीत फ्लडफिल नोडांचा असाच गैरवापर करून हल्ला झाला, तेव्हा टनेल बांधायचं प्रमाण भल्याभल्यांकडे कोसळलं होतं. अशा दिवसांत आपल्या सेटिंगशी खेळू नये, नवी आवृत्ती आली की घ्यावी.

बंद करायची वेळ आली तर कन्सोलमधलं ‘ग्रेसफुल’ बटण दाबायचं. नोड नवी टनेलं घेणं थांबवतो, चालू असलेल्यांची मुदत संपू देतो आणि जास्तीत जास्त अकरा मिनिटांनी जातो. थेट प्लग काढला तर तुमच्यातून जाणारी परक्यांची टनेलं अर्ध्यात तुटतात आणि त्यांच्या हिशेबात तुम्ही ‘ऐन वेळी गायब होणारे’ ठरता.

यंत्र बदलताना नोडची ओळख गेली तरी फारसं बिघडत नाही, नवी आपोआप तयार होते. मात्र तुम्ही आयटूपीत स्वतःची साइट चालवत असाल, तर तिच्या खासगी किल्लीची फाइल आधी पेन ड्राइव्हवर घ्या. जावाच्या आयटूपीत ती सहसा ‘ईपप्रिव्ह.डॅट’ या नावाने असते. साइटचा बावन्न अक्षरी पत्ता त्या किल्लीतूनच निघतो, आणि ती हरवल्यावर तो परत मिळवून देणारी कचेरी या जाळ्यात नाही.