विश्रांतीचा दिवस म्हणजे खाडा नव्हे

पुण्यात १९८३ पासून आणि मुंबईत २००४ पासून आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन होते. साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वर घाटात हाफ मॅरेथॉन भरते. या स्पर्धांनी महाराष्ट्रातल्या मध्यमवयीन माणसाला मोठा धीर दिला. धावणे हे फक्त पोरासोरांचे आणि पोलीस भरतीवाल्यांचे काम नाही, हे त्याला डोळ्यांनी दिसले. चाळिशी-पन्नाशीत कुणी रक्तातल्या साखरेमुळे, कुणी वजनामुळे, तर कुणी शेजाऱ्याला पाहून बूट घालतो आणि पहाटे मैदान गाठतो. पहिला महिना हुरूपात जातो. मग टाच, नडगी किंवा गुडघा बोलू लागतो आणि काही आठवड्यांत बूट कपाटात जातात. दोष वयाला दिला जातो, नाहीतर धावण्यालाच. बहुतेकदा गुन्हेगार वेगळाच असतो: आठवड्यात विश्रांतीचा एकही दिवस न ठेवण्याचा हट्ट. या हट्टाच्या मुळाशी काही पक्के गैरसमज आहेत, ते एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १ : शरीर धावताना घडते, म्हणून रोज धावणारा लवकर घडतो

वस्तुस्थिती अशी की धावताना शरीराची झीज होते आणि भर पडते ती नंतर. पाच किलोमीटर सावकाश धावायला सुमारे सहा हजार पावले पडतात आणि प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर येतो. त्याने स्नायूंत, कंडरांत आणि हाडांत सूक्ष्म इजा होतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हीच इजा शरीराला बळकट होण्याचा निरोप देते. पण निरोप मिळाल्यावर काम करायला वेळ लागतो आणि प्रत्येक अवयवाचा वेळ वेगळा असतो. नव्या धावपटूचे सगळे गणित इथेच चुकते. रक्तातला द्रवभाग पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते आणि तीन-चार आठवड्यांत धाप कमी लागते. कंडरांचे काम याहून संथ. कोपनहेगनच्या संशोधकांनी दाखवले आहे की जोरदार व्यायामानंतर कंडरेतल्या कोलॅजेनची निर्मिती वाढते, पण पहिले २४ ते ३६ तास मोडतोड निर्मितीपेक्षा अधिक असते. जमेची बाजू त्यानंतर वर येते. हाडाचा हिशोब तर महिन्यांचा. झिजलेला भाग पेशी आधी खरवडून काढतात, त्याला साधारण तीन आठवडे जातात. तिथे नवे हाड भरायला पुढे तीन महिने किंवा अधिक लागतात. मधल्या काळात ती जागा पूर्वीपेक्षा कच्ची असते. म्हणजे दुसऱ्या महिन्यात छाती म्हणते, ‘अजून दोन किलोमीटर सहज जमतील,’ आणि नडगीचे हाड मात्र अर्धवट दुरुस्तीत असते. रोज धावणारा माणूस नेमका छातीचे ऐकतो. कंडरेची रोजची बाकी चुकती होण्याआधी तो नवा भार टाकतो, आणि ही तूट साठत जाते.

गैरसमज २ : ही काळजी साठीनंतरची, चाळिशीत इतके जपायचे कशाला?

चाळिशी हे म्हातारपण नव्हे, हे खरेच. पण प्रश्न केवळ वयाचा नाही, त्या वयापर्यंत पाय कसे वापरले गेले याचाही आहे. वीस वर्षे खुर्चीत आणि गाडीवर गेली असतील, तर पोटऱ्या, टाचेमागची कंडरा आणि तळपाय यांना उडत्या पावलाचा भार ठाऊकच नसतो. त्यात वयाची भर पडते: तिशीनंतर स्नायूंचे वस्तुमान हळूहळू घटू लागते, आणि पुढे पुढे तोच व्यायाम व तेच प्रथिन मिळूनही स्नायू पूर्वीइतका जोमाने बांधला जात नाही. स्त्रियांच्या बाबतीत रजोनिवृत्तीच्या आसपास इस्ट्रोजेन घटते आणि काही वर्षे हाडांची घनता वेगाने कमी होते. चाळिशीच्या उत्तरार्धात किंवा पन्नाशीत धावायला लागणाऱ्या बाईसाठी हे महत्त्वाचे आहे, कारण धावणे तिच्या हाडांना उपकारक ठरू शकते, पण मधल्या दिवसांची उसंत मिळाली तरच. वय बाजूला ठेवले तरी नवखेपणा उरतोच. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षानुसार धावण्याच्या दर हजार तासांमागे नवख्यांना सुमारे १७.८ दुखापती होतात, तर सरावलेल्या हौशी धावपटूंना सुमारे ७.७. मध्यमवयीन नवशिक्याकडे वय आणि नवखेपणा, दोन्ही एकाच वेळी येतात.

गैरसमज ३ : एक दिवस सुटला की कमावलेला दमसास जातो

खाड्याची ही धास्ती आपल्याकडे खोल रुजलेली आहे. नेम मोडू नये, ही शिकवण चांगलीच. पण शरीरशास्त्र या भीतीला आधार देत नाही. एडवर्ड कॉयल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली कसलेल्या खेळाडूंचा सराव पूर्ण थांबवून पाहिला. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता घटली ती सुमारे ७ टक्के. तीन आठवडे काहीच न करून एवढी घट होत असेल, तर एका दिवसाने काय होणार? रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८१ सालच्या प्रयोगात लोकांनी दहा आठवडे आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम केला आणि नंतर पंधरा आठवडे तो चार किंवा दोनच दिवसांवर आणला. व्यायामाचा जोर तोच ठेवल्यामुळे कमावलेली क्षमता टिकून राहिली. दुसऱ्या बाजूला, आठवड्यात जास्त दिवस धावण्याची किंमत काय, हे मायकेल पोलॉक यांच्या १९७७ सालच्या अभ्यासात दिसते. वीस ते पस्तीस वयाच्या पुरुषांना अर्धा-अर्धा तास धावायला लावले. आठवड्यातून एकच दिवस धावणाऱ्यांत दुखापत झाली नाही, तीन दिवसवाल्यांत १२ टक्क्यांना झाली आणि पाच दिवसवाल्यांत ३९ टक्क्यांना. पाच दिवसवाल्यांची क्षमता जास्त वाढली, हेही मान्य करायला हवे. पण दहातले जवळपास चार जण जायबंदी होणार असतील, तर ती वाढ फार महागात पडते. आणि ही सगळी तरुण माणसे होती.

आरोग्यासाठी धावणाऱ्याला मुळात रोज धावण्याची गरज आहे का, हाही प्रश्न आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील चाळीस आणि त्याहून अधिक वयाच्या ६३,५९१ लोकांच्या माहितीवर आधारलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. सगळा व्यायाम आठवड्यातल्या एक-दोन दिवसांतच करणाऱ्यांचा मृत्यूचा धोका निष्क्रिय लोकांपेक्षा सुमारे ३० टक्के कमी होता. तो अधिक दिवसांवर विभागून करणाऱ्यांत सुमारे ३५ टक्के कमी. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण मध्ये रिकामे दिवस ठेवल्याने व्यायाम वाया जातो, ही समजूत मात्र त्यापुढे टिकत नाही.

गैरसमज ४ : दुखत नसेल तर विश्रांती नको, आणि दुखत असेल तर धावूनच मोकळे व्हावे

व्यायामानंतर अंगात ‘लॅक्टिक ॲसिड साचते’ आणि पुन्हा धावल्याने ते निघून जाते, असे अनेक जण सांगतात. प्रत्यक्षात वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकणारे स्नायू हे सूक्ष्म इजेचे आणि तिच्या दुरुस्तीचे लक्षण असते. पण फक्त दुखण्यावर विसंबणेही धोक्याचे आहे. स्नायू लगेच तक्रार करतात. कंडरा आणि हाडे बराच काळ मुकाट राहतात. स्ट्रेस फ्रॅक्चरचे दुखणे जाणवते, तोवर नुकसान आठवडे साठलेले असते. म्हणून विश्रांती दुखण्यावर नव्हे, वेळापत्रकावर ठरायला हवी. दोन्ही पायांच्या पोटऱ्या सारख्याच अवघडल्या असतील आणि चालता चालता मोकळ्या होत असतील, तर काळजी नाही. एकाच पायात, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, किंवा सकाळी टाच टेकताना रोज कळ येत असेल, तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

गैरसमज ५ : मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांना विश्रांतीचा दिवस परवडत नाही

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण त्यात तथ्य आहे. व्यायामाने इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो, तो परिणाम एक ते तीन दिवस टिकतो. म्हणूनच मधुमेहींनी सलग दोन दिवसांपेक्षा जास्त काळ व्यायामाविना राहू नये, असे सांगितले जाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाने भारतात सुमारे १० कोटी मधुमेही असल्याचे दाखवले, तेव्हा हा प्रश्न मूठभरांचा नाही. पण नियम नीट पाहिला तर एकाआड एक दिवस धावणे त्यात बसते. आणि मधला दिवस पलंगावर काढावा, असे कोणी म्हणत नाही. विश्रांती हवी आहे ती आदळणाऱ्या पावलांपासून. त्या दिवशी अर्धा तास चालावे, सायकल चालवावी, पोहावे किंवा सावकाश सूर्यनमस्कार घालावेत. साखरेला हालचाल मिळते आणि नडगीला उसंत.

आणखी दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. ब्रिटिश मॅरेथॉनपटू रॉन हिल १९६४ पासून २०१७ पर्यंत एकही दिवस न चुकवता धावले, मग आपल्याला काय झाले? पण हिल यांनी ही मालिका सुरू केली तेव्हा ते २६ वर्षांचे, अव्वल दर्जाचे धावपटू होते. १९७० साली त्यांनी बोस्टन मॅरेथॉन जिंकली. त्यांच्या पायांची घडण तरुणपणीच झालेली होती. दुसरा आक्षेप शास्त्राच्या बाजूने येतो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन इथल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात नवख्यांच्या एका गटाला आठ आठवड्यांचा आणि दुसऱ्याला तेरा आठवड्यांचा, अधिक सावकाश चढत जाणारा कार्यक्रम दिला. दुखापती दोन्हीकडे सारख्याच, सुमारे २० टक्के. याचा अर्थ कोणतीही एक युक्ती माणसाला अभय देत नाही, विश्रांतीसुद्धा नाही. झोप, आहार, स्नायूंची ताकद आणि आधीच्या दुखापती, सगळ्यांचा वाटा असतो. पण विश्रांतीच्या दिवसाला पैसा लागत नाही, उपकरण लागत नाही, आणि धावण्याचे दिवस वाढले की दुखापती वाढतात हे दिसलेले आहे. विश्रांती टाळण्याचे एकही सबळ कारण नवशिक्याकडे नाही.

ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा नवख्यांसाठीचा कार्यक्रम नऊ आठवड्यांचा आहे आणि त्यात धावण्याचे दिवस आठवड्याला तीनच. आपणही तेच करावे: मंगळवार, गुरुवार आणि रविवार धावावे, सुरुवातीला धावणे-चालणे मिसळावे, आणि पहिले चार महिने लागोपाठ दोन दिवस धावूच नये. मधल्या एखाद्या दिवशी पोटऱ्या, मांड्या आणि कमरेचा हलका ताकदीचा व्यायाम करावा, रात्री किमान सात तास झोपावे. छातीत दुखणे, चक्कर किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असेल तर आधी तपासणी करून घ्यावी. वहीत किंवा घड्याळावर विश्रांतीच्या दिवसाची नोंद रिकामी सोडू नका. धावण्याच्या दिवसाइतक्याच अभिमानाने तिथे ‘विश्रांती’ असे लिहा. ज्याला साठीतही धावायचे आहे, त्याने चाळिशीत थांबायला शिकलेच पाहिजे.