शेजाऱ्यांची ओळख हेच तारण

दीडशे डॉलरांच्या कर्जावर व्याज किती चढू शकतं? पन्नास? शंभर? फार तर मुद्दलाएवढं? मॉन्ट्रियलमधल्या एका माणसावर पाच हजार डॉलर भरायची वेळ आली होती. कर्ज दीडशेचं आणि व्याज पाच हजारांचं! ६ एप्रिल १८९७ रोजी मायकेल क्विन या खासदारांनी कॅनडाच्या संसदेत हा दाखला दिला आणि सावकारीला लगाम घालण्याची मागणी केली.

संसदेत रोज कितीतरी भाषणं होतात आणि विरून जातात. हे भाषण मात्र एका माणसाच्या डोक्यात रुतून बसलं, आणि तो माणूस खासदारही नव्हता. अल्फोन्स देजार्दां हे सभागृहातले फ्रेंच भाषेचे लघुलेखक होते. दुसऱ्यांचं बोलणं टिपून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. त्या लघुलेखकाने पुढे जे उभं केलं, त्याचे आज ७० लाखांहून अधिक सभासद आणि ग्राहक आहेत. हे घडलं कसं?

आधी एक साधा प्रश्न विचारू. कॅनडात बँका होत्या, मग लोक सावकाराच्या दारात का जात? उत्तर चक्रावून टाकणारं आहे. वीस डॉलर मागणारा माणूस भरवशाचा आहे का, हे शोधायला बँकेला जवळपास तेवढाच खटाटोप करावा लागतो, जेवढा दोन हजार मागणाऱ्यासाठी. वीस डॉलरांवरच्या व्याजातून हा खर्च निघणार कसा? म्हणजे गरीब माणूस कर्ज बुडवतो म्हणून बँक त्याला टाळत नव्हती. तो बुडवेल की नाही, हे कळून घेणंच तिला परवडत नव्हतं.

पण ही माहिती कुणाकडे तरी आधीपासून फुकट असतेच ना? अर्थात! शेजाऱ्यांकडे. कोण उधारी वेळेवर चुकती करतो, कोण पगाराच्या दिवशी थेट दारूच्या गुत्त्यात शिरतो, कुणाची गाय खरोखरच मेली, हे सगळं गावाला ठाऊक असतं. बँकेला जे ज्ञान पैसे मोजूनही मिळत नव्हतं, ते चर्चबाहेरच्या गप्पांमध्ये सांडलेलं होतं.

देजार्दां या दिशेने वाचत सुटले. जर्मनीत रायफायझेन आणि शुल्झ-डेलिच यांनी, इटलीत लुझ्झाट्टी यांनी सामान्य माणसांच्या पतपेढ्या उभ्या केल्या होत्या. या पेढ्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या हेन्री वुल्फ यांच्याशी त्यांनी पत्रव्यवहार सुरू केला. तीनेक वर्षं हा अभ्यास चालला. यातलं कुठलंच प्रारूप त्यांनी जसंच्या तसं उचललं नाही. रायफायझेनकडून छोट्या गावापुरतं क्षेत्र घेतलं, पण पेढी बुडाली तर सभासदांच्या घरादारावर टाच, ही त्यांची अट सोडून दिली.

६ डिसेंबर १९०० रोजी क्वेबेक शहरासमोर, सेंट लॉरेन्स नदीच्या पलीकडच्या तीरावर असलेल्या लेव्ही या गावात शंभराहून अधिक लोक जमले आणि ‘केस पॉप्युलेर’, म्हणजे लोकांची पेढी, स्थापन झाली. २३ जानेवारी १९०१ रोजी कामकाज सुरू झालं. पहिला भरणा किती होता? १० सेंट! दिवसअखेर गल्ल्यात जमले २६ डॉलर ४० सेंट.

आता या पेढीची रचना बघा. एक भाग ५ डॉलरांचा. एकदम पाच डॉलर कामगाराने आणायचे कुठून? म्हणून आठवड्याला १० सेंट भरायची मुभा. पन्नास आठवड्यांत भाग पूर्ण! आपल्याकडच्या भिशीसारखंच हे थेंबाथेंबाचं तळं, फरक एवढाच की भिशी फिरून संपते आणि हे तळं साठतच राहतं. कर्ज फक्त सभासदाला, तेही कशासाठी हवंय हे सांगितल्यावर. ते द्यायचं की नाही हे ठरवणारी समिती सभासदांमधूनच निवडलेली आणि बिनपगारी. आणि सर्वांत भन्नाट नियम म्हणजे भाग कितीही असोत, मत एकच. दहा सेंटवाला आणि सधन दुकानदार सभेत एका पातळीवर.

शिवाय क्षेत्र एका पॅरिशपुरतंच, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीपुरतंच. ही मर्यादा वाटते ना? खरं तर सगळं यंत्र तिच्यावरच चालतं. सगळे सगळ्यांना ओळखत असले तरच शेजाऱ्यांची माहिती तारण म्हणून वापरता येते. आणि कर्ज बुडवलं तर बुडतात कुणाचे पैसे? रविवारी शेजारच्या बाकावर बसणाऱ्या माणसाचे!

पण पेढीचा संस्थापक तर संसदेच्या अधिवेशनात महिनोनमहिने ओटावात अडकलेला. मग लेव्हीत व्यवहार कोण बघायचं? त्यांच्या पत्नी दोरिमेन. घर, मुलंबाळं आणि पेढीचे हिशेब, सगळं त्यांच्याकडे. गंमत बघा, क्वेबेकच्या तेव्हाच्या कायद्यानुसार विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय साधा करारही करता येत नसे. आणि अशी एक स्त्री गावाची पुंजी सांभाळत होती! त्यात जोखीमही भयंकर. पेढीला कायद्याचा आधार नव्हता. काही उलटंसुलटं झालं असतं तर बोजा देजार्दां कुटुंबावर आला असता. १९०६ मध्ये क्वेबेकच्या विधिमंडळाने सहकारी कायदा मंजूर केला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. देशभरासाठीचा कायदा मात्र १९०८ मध्ये लोकसभागृहात पार होऊन सिनेटमध्ये अडला. किती मतांनी? अवघ्या एका!

तरीही कल्पना सरहद्द ओलांडून गेली. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर या गिरण्यांच्या गावात फ्रेंच-कॅनेडियन कामगारांसाठी देशातली पहिली पतपेढी उभी राहिली, ती देजार्दां यांच्याच मदतीने. मॅसॅच्युसेट्सच्या बँक आयुक्तांनीही त्यांचा सल्ला घेतला. आणि इथे गोष्टीत चक्क हिंदुस्थान येतो! बॉस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन १९०७ मध्ये बंगालच्या खेड्यांत फिरले होते. १९०४ च्या सहकारी कायद्याखाली निघालेल्या शेतकऱ्यांच्या पतसंस्था त्यांनी तिथे पाहिल्या आणि भारावून परतले. त्या संस्थांची प्रेरणाही जर्मनीचीच. म्हणजे युरोपातलं एकच बी, एक वाट लेव्हीवरून, दुसरी बंगालवरून, आणि दोन्ही येऊन भेटल्या मॅसॅच्युसेट्समध्ये. १९०९ मध्ये तिथे पतपेढ्यांचा कायदा झाला.

१९२० मध्ये देजार्दां वारले, तोवर दीडशेहून अधिक पेढ्या उभ्या राहिल्या होत्या. कित्येक ठिकाणी धर्मगुरूच प्रचारक झाले होते. आज देजार्दां समूहाची मालमत्ता ४०० अब्ज डॉलरांच्या वर आहे, आणि मुख्यालय अजूनही लेव्हीतच. १० सेंटांपासून इथवर!

मात्र एक कोडं उरतंच. एकेकाळी हजाराच्या वर असलेल्या पेढ्या विलीन होत होत आता दोनशेच्या आसपास आल्या आहेत. लाखो सभासद एकमेकांना कसे ओळखणार? गाय मेल्याची बातमी आता संगणकातल्या पतगुणांकाला विचारावी लागते. पण त्या हजारो ओळखींनी आपलं काम आधीच करून ठेवलं आहे. गरिबाची पत नसते, हे बँकांनी गृहीत धरलेलं विधान त्यांनी खोटं ठरवलं. पत होतीच, ती मोजायची सोय तेवढी नव्हती.